कोपरापाशी तुटलेल्या नसेसाठी मूळपेशींचा उपचार घ्यावा का?

नंदगडची शिक्षिका, खानापूर तालुका

नमस्कार. माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत पत्राकामाच्या एका लहान कारखान्यात नोकरी करतो. त्याचे वय २९ आहे. सात महिन्यांपूर्वी मशीनवर चढवताना पत्रा निसटला आणि त्याची कड उजव्या कोपराच्या आतल्या अंगाला, हाडाच्या दोन बोटे वर, खोलवर बसली. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. अल्नर नर्व्ह (कोपराच्या आतल्या अंगाने करंगळीकडे जाणारी नस) पूर्ण तुटलेली होती आणि दोन्ही टोके थेट टाके घालून जोडली, अशी नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे. जखम चांगली भरली, परंतु करंगळी, अनामिकेची अर्धी बाजू आणि तळहाताची तीच कड अद्याप बधिर आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले मांस खोल गेले आहे. किल्ली फिरवता येत नाही, आणि शर्टाची गुंडी लावायला आई लागते.

आम्हाला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पहिले चार महिने ही दोन बोटे नुसती सैल होती. पाचव्या महिन्यापासून ती आत वळू लागली आहेत आणि आता चहाचा कप उचलताना करंगळी कपाच्या कानात अडकून बसते.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी आम्हाला एका मोठ्या शहरातील केंद्राच्या शिबिरात नेले. तेथील माणसाने हात पाहून सांगितले की बोटे वळू लागली, म्हणजे नस मरत चालली आहे आणि आता थांबून चालणार नाही. कमरेच्या हाडातून मगज काढून, त्यातील मूळपेशी (स्टेम सेल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) वेगळ्या करून, एकदा कोपराजवळ आणि दोनदा सलाईनमधून देणार, असे त्यांचे म्हणणे आहे. एकूण खर्च साडेतीन लाख रुपये असून महिनाअखेरपर्यंत पन्नास हजार भरल्यास सवलत मिळेल, असेही सांगितले. वडिलांनी भाताच्या जमिनीचा एक तुकडा गहाण ठेवण्याची बोलणी सुरू केली आहेत. मूळपेशींनी नस खरोखर जुळून येते का, आणि आम्ही हे पैसे भरावेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी

ताई, मी तीस वर्षे फिजिओथेरपी करतो आणि त्यांतील बरीच वर्षे हाताच्या रुग्णांमध्ये गेली आहेत. मूळपेशींविषयी दुसरे कोणी अधिक अधिकाराने लिहील. बोटे वळण्याविषयी मात्र मला आधी लिहिले पाहिजे, कारण त्या एका वाक्यावर तुमच्या घरातील जमीन गहाण पडत आहे आणि ते वाक्य बहुधा उलटे आहे.

अल्नर नस कोपराच्या वर तुटली की दोन प्रकारचे स्नायू बंद पडतात. पहिले पंजातील लहान स्नायू, जे बोटे मुळाशी वाकवून पुढे सरळ ठेवतात. दुसरा कोपराखालचा लांब स्नायू, जो अनामिका आणि करंगळी यांची टोके आत ओढतो. दोन्ही बंद असताना बोटे आत ओढायला कोणीच नसते, म्हणून ती सैल दिसतात. नस वरून खाली वाढत येते, त्यामुळे कोपराखालचा लांब स्नायू आधी जागा होतो आणि पंजातील स्नायू तेव्हाही झोपलेलेच असतात. मग ओढणारा आहे आणि सावरणारा नाही, अशी स्थिती येते आणि बोटे नखीसारखी वळतात. दिसायला हात बिघडतो, पण आत नस पुढे सरकलेली असते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा विरोधाभास परीक्षेत हमखास विचारतात, शिबिरातील माणसाला तो ठाऊक नव्हता की सांगायचा नव्हता, हे मी ठरवू शकत नाही.

घरी एक परीक्षा करून पाहा. भावाच्या करंगळीचे मधले पेर तुमच्या चिमटीत सरळ धरून ठेवा आणि त्याला फक्त टोकाचे पेर वाकवायला सांगा. ते स्वतःच्या जोराने किंचितही वाकले, तर तो लांब स्नायू परत आला आहे. नुसत्या सांध्याच्या ताठरपणामुळे बोट वळले असेल, तर टोक हलणार नाही आणि तुम्ही हाताने सरळ करू गेलात तरी बोट अडेल. ते वेगळे आणि काळजीचे दुखणे आहे.

दुसरी परीक्षा टेपची. जोडलेल्या जागेपासून सुरुवात न करता मनगटाकडून कोपराकडे, नसेच्या वाटेवर, बोटाच्या टोकाने हलकेच ठोकत जा. ज्या जागी ठोकल्यावर करंगळीकडे झिणझिण्या धावतात, तेथे बॉलपेनने खूण करा आणि जखमेच्या व्रणापासून ते अंतर मोजून तारखेसह वहीत लिहा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हात तपासताना फ्रेंच डॉक्टर टिनेल यांनी १९१५ मध्ये ही खूण वर्णिली आणि ती आजही आमच्या कामाची आहे. महिन्यागणिक खूण साधारण तीन सेंटीमीटर पुढे सरकली, तर नस वाढते आहे. सात महिन्यांच्या हिशेबाने ती कोपर आणि मनगट यांच्या मध्याच्या थोडी पुढे असायला हवी. तीन महिने खूण एकाच जागी अडून राहिली, तर जोड उघडून पाहण्याचा विचार सर्जनने करायचा असतो.

आता यातील कठीण भाग. नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते आणि पहिले काही आठवडे तर जोड ओलांडण्यातच जातात. तुमच्या भावाच्या व्रणापासून अंगठ्याजवळच्या त्या खोल गेलेल्या स्नायूपर्यंत ३० सेंटीमीटरहून अधिक अंतर असणार, म्हणजे तेथे पोहोचायला वर्ष उलटेल. नसेविना राहिलेला स्नायू बारा ते अठरा महिन्यांनंतर पुन्हा कामाचा राहत नाही, त्याच्या जागी चरबी आणि तंतू भरतात. त्यामुळे कोपराच्या वर तुटलेल्या अल्नर नसेत प्रौढ माणसाच्या पंजातील बारीक ताकद बहुधा पूर्ण परतत नाही, जोड कितीही उत्तम झाला असला तरी. संवेदना मात्र पुढेही दोन-तीन वर्षे सुधारत राहू शकते.

यावर आज उपलब्ध असलेला एक उपाय आहे आणि त्याला मुदत आहे. मनगटाच्या थोडे वर, तळहाताच्या बाजूला, पंजा पालथा करणारा एक लहान चौकोनी स्नायू असतो. त्याची नस वेगळ्या, म्हणजे तुमच्या भावाच्या शाबूत असलेल्या मीडियन नसेतून येते आणि त्या स्नायूचे काम दुसरा स्नायू निभावून नेतो. ती नस मनगटाजवळ अल्नर नसेच्या पंजात जाणाऱ्या फांदीला जोडतात. तीस सेंटीमीटरचा प्रवास त्यामुळे आठ-दहा सेंटीमीटरवर येतो. सात महिने झाले असताना हा प्रश्न हाताच्या सर्जनला याच महिन्यात विचारला पाहिजे. मुदत टळली, तरी पुढे कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वळवण्याची शस्त्रक्रिया कधीही करता येते, कारण ती नसेवर अवलंबून नसते. मात्र त्यासाठी सांधे मऊ राहिलेले असावे लागतात. म्हणून बोटांच्या मुळांना मागे कलू न देणारा लहान स्प्लिंट (आधाराची पट्टी) आजच करून घ्या आणि रोज दोन वेळा दुसऱ्या हाताने बोटे पूर्ण सरळ करण्याचा व्यायाम सुरू ठेवा. बधिर कडेला शेक देऊ नका. माझ्याकडे आलेले सर्वांत वाईट हात नस तुटण्याने बिघडलेले नव्हते, शेकाच्या पिशवीने भाजलेले होते.

प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, निपाणी

वरील उत्तराला जोडून मूळपेशींचा भाग लिहितो.

आपल्याकडे ऊस तोडल्यावर खोडवा फुटतो तो जमिनीतल्या बुडख्यातून. तोडलेला वरचा ऊस पुन्हा जुळत नाही. नसेचेही तसेच आहे. चेतापेशीचे मूळ कण्यात किंवा कण्याला लागून असते, आणि तुटल्यावर वाढतो तो मुळाकडचा भाग. पलीकडच्या भागातील तंतू काही दिवसांत विरघळतात, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेतील नसा कापून दाखवले. पण तंतू गेला तरी त्याची रिकामी नळी उरते, आणि त्या नळीतील श्वान पेशी (नसेच्या तंतूंना वेढणाऱ्या आधारपेशी) रांगेने उभ्या राहून नव्या अंकुराला वाट दाखवतात व त्याला पोसणारी प्रथिने स्रवतात. मेंदूत आणि कण्यात अशी सोय नसल्यामुळे तेथील तंतू जवळजवळ वाढत नाहीत, हातापायांत वाढतात.

अडचण काळाची आहे. पाटाला बरेच महिने पाणी आले नाही तर तो गाळाने भरतो, तशी ही नळी आकसते, श्वान पेशींची संख्या घटते आणि त्यांचे पोषक स्राव कमी होतात. शिवाय तुटलेल्या टोकांत मोठी फट असेल, तर ती सांधायला पायाच्या पोटरीमागची सुरल नस काढून लावावी लागते. मोठ्या फटीसाठी आजही हाच सर्वांत भरवशाचा उपाय मानला जातो, पण त्यामुळे पायाची कड बधिर होते आणि ती नस पुरेशी लांब मिळतेच असे नाही. मूळपेशींची कल्पना या दोन अडचणींतून आली. अस्थिमज्जेतून (हाडातील मगजातून) किंवा, २००१ नंतर, चरबीतून मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना श्वान पेशींसारखे वळण द्यायचे आणि कोलॅजनच्या बारीक नळीत भरून ती नळी फटीत शिवायची. उंदरांच्या मांडीतील सायटिक नसेवर असे पुष्कळ प्रयोग झाले असून रिकाम्या नळीपेक्षा पेशी भरलेल्या नळीतून तंतू अधिक आणि जाड वाढतात, असे त्यांत वारंवार दिसले आहे. गंमत अशी, की घातलेल्या पेशींपैकी बहुतेक काही आठवड्यांत मरतात. लाभ होतो तो प्रामुख्याने त्यांनी जाता जाता सोडलेल्या स्रावांचा.

म्हणजे विषय खोटा नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो, कारण ‘सगळी थोतांडे’ असे म्हणून मोकळे होणेही चूक आहे. पण उंदराच्या फटीची लांबी असते दहा-पंधरा मिलिमीटर आणि स्नायू तेथून चार बोटांवर. उंदराची नस माणसाच्या नसेपेक्षा वेगाने वाढते. स्नायू वाळून जाण्याआधी तिला पोहोचता येईल का, हा जो माणसाच्या हातातील खरा प्रश्न, तो त्या प्रयोगांत बहुधा उद्भवतच नाही. माणसांमध्ये मायामी येथील विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव सांगण्याजोगा आहे. सायटिक नसेत मोठी फट पडलेल्या दोन रुग्णांत सुरल नसेच्या तुकड्यांसोबत त्या रुग्णांच्याच श्वान पेशी प्रयोगशाळेत वाढवून घातल्या गेल्या. ते रुग्ण दोनच होते, पेशी मूळपेशी नव्हत्या, आणि त्यांना पूर्ण शस्त्रक्रियेत, उघड्या फटीत, जागेवर ठेवण्यात आले होते.

तुमच्या भावाला सांगितलेल्या उपचारात यांतील काहीच नाही. त्याची टोके थेट जोडलेली आहेत, म्हणजे भरायला फट नाही. कोपराजवळ बाहेरून टोचलेल्या पेशी नळीच्या आत रांग धरत नाहीत, आणि सलाईनमधून शिरेत गेलेल्या पेशींपैकी बहुतांश पहिल्याच फेरीत फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. त्या ‘आपणहून जखम शोधतात’ हे वाक्य जाहिरातीत फार वेळा भेटते. मुख्य म्हणजे खाली वाट पाहणाऱ्या स्नायूचे घड्याळ त्याने थांबत नाही.

आता कायद्याचे. मूळपेशी संशोधनासाठीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून प्रसिद्ध केली. या परिषदेची एक राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच आहे, हे जाता जाता. रक्ताच्या काही विकारांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण अशी मान्य झालेली थोडी प्रकरणे सोडली, तर मूळपेशींचा अन्य कोणताही वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, असे त्यांत स्पष्ट आहे. प्रत्येक चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया येथे होते. २००९ पासून ती बंधनकारक आहे आणि संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. त्या केंद्राकडे नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीचे मान्यतापत्र मागा. साडेतीन लाखांची पावती आणि चाचणीचा क्रमांक या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

‘स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय काय होणार’ असेही तुम्हाला सांगतील. पक्षाघात झालेल्या एका गृहस्थांनी तीन देशांत जाऊन पैसे देऊन कण्यात मूळपेशी टोचून घेतल्या आणि नंतर त्यांच्या कण्यात पेशींची वाढती गाठ निघाली, हे २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापले आहे. त्या गाठीतील पेशी त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या, हा फरक मान्य. परंतु घातलेली पेशी पुढे काय करील यावर कोणाची नजर नसणे, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

चिकोडीहून एक वाचक

अक्का, मी डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी रात्री मोटारसायकलवरून ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागून धडकलो आणि डाव्या खांद्यातील ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचा जुडगा) ताणून तुटला. तिसऱ्या महिन्यात एका सर्जनने नस वळवण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. त्याच सुमारास अशाच एका केंद्राचा माणूस घरी आला. शस्त्रक्रियेची भीती होती, इंजेक्शनची नव्हती. आम्ही इंजेक्शन निवडले.

तीन वेळा गेलो. प्रत्येक वेळी पुढच्या वेळी फरक दिसेल असे सांगत. पहिल्या खेपेनंतर हात हलका वाटला, दुखणेही थोडे कमी झाले असे मला प्रामाणिकपणे वाटले, आणि त्या वाटण्यावर पुढचे पैसे गेले. संमतिपत्र इंग्रजीत होते. नंतर पुतणीकडून वाचून घेतले, तेव्हा कळले की उपचार प्रायोगिक असून परिणामाची हमी नाही, यावर मी सही केलेली आहे. पावतीवर मूळपेशी हा शब्दच नव्हता. ‘डे केअर प्रोसीजर’ एवढेच होते. तक्रार करायला गेलो, तेव्हा तेच कागद माझ्यासमोर ठेवण्यात आले.

सर्जनकडे परत गेलो तेव्हा अपघाताला चौदा महिने झाले होते. दंडाच्या स्नायूसाठी नस वळवण्याची वेळ गेली, असे त्यांनी सांगितले. पुढे मांडीतील एक स्नायू नस आणि रक्तवाहिन्यांसह काढून दंडात बसवला. आज कोपर वाकते, पाण्याची अर्धी बादली उचलतो. तिसऱ्याच महिन्यात गेलो असतो तर मांडी कापावी लागली नसती. पैसे गेले ते ऊसबिलातून हळूहळू भरून निघाले.

आणखी एक. भाऊ कारखान्यात आहे, तर ईएसआयचा (कामगारांसाठीचा सरकारी) विमा आहे का ते आधी पाहा. कामावरच्या अपघाताची नोंद मालकाने केलेली असेल, तर रजेच्या काळात पगाराच्या नव्वद टक्के भत्ता मिळतो आणि हात कायमचा अधू ठरला तर वेगळा लाभ असतो. माझ्या मेहुण्याच्या वेळी ही नोंद राहून गेली होती आणि ती करून घ्यायला पुढे आठ महिने खेटे घालावे लागले.

नंदगडची शिक्षिका, खानापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर दोन्ही परीक्षा केल्या. करंगळीचे मधले पेर मी धरले आणि टोकाचे पेर वाकले. फार नाही, पण दोनदा, तीनदा, सांगितल्यावर वाकले. बाबा शेजारी कंदिलासारखा मोबाईल धरून उभे होते, त्यांनी स्वतः धरून पुन्हा पाहिले. टेपची खूण व्रणापासून साडेसोळा सेंटीमीटरवर आली. बोटे हाताने सरळ होतात, मात्र अनामिकेचा मधला सांधा शेवटी थोडा अडतो.

शिबिरातील गृहस्थांना सकाळी फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. ‘ते डॉक्टरांचे काम, तुम्हाला त्यात काय कळणार’ असे उत्तर आले आणि सवलतीची मुदत आठवडाभर वाढवून मिळाली. गहाणाचे कागद बाबांनी परत आणले आहेत. हाताच्या सर्जनची पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. कारखान्याच्या नोंदीविषयी भाऊ आज विचारणार आहे. सर्जनकडे जाताना काय काय न्यावे?

फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी

साडेसोळा ठीक आहे, थोडे मागे आहे पण काळजीचे नाही. पहिल्या मोजमापात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची चूक होतेच. डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल मागून घ्या, तो रुग्णालयाने द्यायचा असतो. एनसीव्ही-ईएमजी (नसांची आणि स्नायूंची विद्युत तपासणी) आधी झाली असेल तर तिचा मूळ आलेख न्या, आणि झाली नसेल तर गुरुवारपूर्वी करून घ्या, कारण स्नायूत नस पोहोचल्याची खूण हालचाल दिसण्याआधी त्या आलेखात दिसते. मनगटाजवळच्या नसजोडणीचा प्रश्न डॉक्टरांनी काढला नाही, तर तुम्ही काढा. अनामिकेच्या सांध्यासाठी गुरुवारची वाट पाहू नका, उद्या सायंकाळी पाचनंतर त्याला घेऊन या, स्प्लिंट येथेच वळवून देतो.